शेपूट आणि हजार सीसी

दात घडवणाऱ्या माणसाला लोक भेटत नाहीत, लोकांचे जबडे भेटतात. प्लास्टरचे. दवाखान्यांतून डब्यांत घालून येतात, टेबलावर ओळीनं बसतात आणि दिवसभर आ वासून त्याच्याकडे बघत राहतात. तो मान खाली घालून कुणाची दाढ घडवतो, कुणाचे पुढचे दोन, कुणाची अख्खी कवळी. निम्मं गाव त्याच्या हातच्या दातांनी हसत असेल. पण त्याच्याशी हसून बोलायला समोर कुणी नाही. तक्रार करणारा जीव नव्हे तो. देवानं हाताला काम दिलं, कामाला बरकत दिली, आणखी काय मागायचं? पण आई गेल्यापासून घरीही तेच झालं. संध्याकाळी कुलूप काढावं, तर सकाळचा पेला जिथल्या तिथे. तो पेला कुणीतरी नुसता हलवून ठेवला असता, तरी त्याला केवढं बरं वाटलं असतं!

म्हणून तो दर रविवारी मोटारसायकलवाल्यांच्या टोळक्यात जाऊ लागला. गणिताचे एक मास्तर होते, त्यांना सगळे कप्तान म्हणत. एक वकीलबाई होत्या, लाल गाडीच्या आणि तिखट जिभेच्या. एक बेकरीवाला होता, गाडीपेक्षा रुंद. अजून दोघेतिघे. सगळ्यांच्या गाड्या दणदणीत. याची एका सिलिंडरची, जुनी, कधी दगा न देणारी, पण चढाला लागली की धापा टाकणारी.

टोळक्याचा एक नियम होता. पुढच्यांनी ठरल्या ठिकाणी थांबायचं आणि शेवटचा गडी येऊन पोचला की मगच निघायचं. कुणी मागे राहू नये, वाट चुकू नये, म्हणून केलेला नियम, प्रेमाचाच. पण बरं का, त्या प्रेमातच याचा घात होता. पुढचे आधी पोचत, गाड्यांना टेकून गप्पा मारत, हसत, खात-पीत. हा वळणावर दिसला की बेकरीवाला ओरडे, "आलं, शेपूट आलं! चला!" आणि हा स्टँड लावेपर्यंत सगळ्यांची हेल्मेटं डोक्यावर. हेल्मेटातल्या माणसाशी काय बोलणार? तीन वर्षं तो त्यांच्यात होता, आणि त्यांच्या गप्पांतलं त्यानं ऐकलं ते फक्त शेवटचं वाक्य.

हळूहळू त्याच्या मनानं घेतलं, हा सगळा ताकदीचा प्रश्न आहे. गाडी मोठी घेतली की आपण वेळेत पोचू, आणि वेळेत पोचलो की आपणही टेकून उभे राहू.

शोरूममध्ये त्यानं दोन गाड्या हेरल्या. एक चार सिलिंडरची, हजार सीसी. दुसरी मधली, दोन सिलिंडरची.

"स्पष्ट सांगू का काका?" शोरूमवाला म्हणाला. "ही मोठी म्हणजे जावई. झोकदार, पण रोज मानपान हवा. ट्रॅफिकमध्ये तापणार, टायर पटापट खाणार, जरा चुकलात की रुसणार. ही मधली घरची लेक आहे. सेल्फ दाबला की उठेल, कुरकुर नाही."

"आणि पळायला?"

"पळायला जावईच. पण तुम्ही चालवता कशी, त्यावर आहे. सोमवारपर्यंत दोन्ही ठेवतो."

ताईला फोन केला, तर ती उखडलीच. "या वयात? हाडं मोडून घेशील! आणि पडलास तर तुझं करणार कोण?"

"कुणी नाही," तो म्हणाला. खरं तर हे त्याला हसत म्हणायचं होतं.

रविवारी निघताना त्यानं शोरूमवाल्याचे जावई आणि लेक कप्तानांना सांगितले आणि भीत भीत विचारलं, कोणती घेऊ? कप्तान डोळे मिचकावून म्हणाले, "घेण्याआधी चालवून तरी बघा. आज माझी हजार सीसी तुम्ही घ्या, तुमची मी घेतो. फक्त मनगट सांभाळा. ही हाताची नाही, मनाची ऐकते."

"कप्तान, विमा आहे ना?" वकीलबाईंनी विचारलं. सगळे हसले. तोही हसला, निघायच्या आधीच्या हसण्यात तो पहिल्यांदाच सापडला होता.

सरळ रस्त्यावर काय सांगू त्याची मजा! मनगट जरा वळलं आणि झाडं मागे उडाली. क्षणात तो वकीलबाईंच्या बरोबरीला. त्यांनी मान वळवून बघितलं, अंगठा वर केला. त्याच्या छातीत काहीतरी फुलून आलं. आज आपण टेकून उभे राहणार, आज आपण गोष्ट पहिल्यापासून ऐकणार!

मग डोंगर लागला आणि वळणं सुरू झाली. पहिल्याच वळणाला त्यानं ब्रेक दाबला. दुसऱ्यालाही दाबला. इंजिनात मावेना इतकी ताकद, आणि ती सोडायला हाताला धीर होईना. एकेक जण पुढे जाऊन दिसेनासा झाला. आणि मग मागून ओळखीची थडथड आली. त्याचीच जुनी गाडी! कप्तान तिच्यावर आरामात बसले होते. त्यांनी अदबीनं मान लववली, त्याला ओलांडलं आणि पुढच्या वळणात सहज वाकून नाहीसे झाले.

तो डोंगरमाथ्यावरच्या कट्ट्यापाशी पोचला तेव्हा त्याची जुनी गाडी कधीची स्टँडवर उभी होती.

"आलं शेपूट! चला!" बेकरीवाल्यानं हेल्मेट उचललं.

"थांबा."

आवाज त्याचाच होता, पण त्यालाही तो परका वाटला.

"घालू नका अजून. मला बसायचंय. मी येतो आणि तुम्ही निघता. दर वेळी. मला वाटलं गाडी लहान म्हणून... आज कळलं, गाडी नाही, मीच. मला मोठी गाडी नको होती हो. मला तुमच्यात बसायचं होतं."

बेकरीवाला हातातल्या हेल्मेटाकडे बघत राहिला. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला एकट्यालाच आवडतं," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि कट्ट्यावर सरकून जागा केली.

तो बसला. आणि इतक्या वर्षांची भूक घेऊन बसलेल्या माणसाला बोलायला एक शब्द सापडेना.

"तुम्ही करता काय?" शेवटी बेकरीवाल्यानं विचारलं.

"दात."

"अरे वा! मग हा बघा, डावीकडचा, बसवलेला." त्यानं तिथंच तोंड उघडलं.

यानं वाकून, अगदी जवळून बघितलं. "हा माझा नाही. मी इतका वाईट घडवत नाही."

वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

कप्तान मात्र त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत होते. "असंच बघता तुम्ही रस्त्याकडे," ते म्हणाले. "चाकापुढच्या वितीकडे. वळण संपतं तिथं नजर टाका, गाडी तिथं जाते. घरची लेक घ्या तुम्ही. चुकलात तर पोटात घालेल. आणि आता जाताना माझ्या मागे, दुसरे. बाकीचे तुमच्या मागून येतील, तुमच्या वेगानं."

"यांच्या वेगानं?" बेकरीवाला कण्हला. "म्हणजे अंधारच पडेल."

"पडू दे," वकीलबाई म्हणाल्या.

परत येताना तो आपल्या जुन्या गाडीवर दुसरा होता. वळण आलं की जिवाच्या करारानं मान वर करायचा. वीतभर अंतरावर जगलेली नजर सारखी खाली यायची, तो पुन्हा वर न्यायचा. एका वळणाला ब्रेकच लागला नाही. आरशात दिव्यांची रांग होती, मुकाट्यानं त्याच्या चालीनं येणारी. तीन वर्षांत त्याच्या आरशात कधी कुणी दिसलं नव्हतं.

शहर आलं. चौकाचौकाला एकेक दिवा हात वर करून वळत गेला. आरसा रिकामा होत गेला. शेवटी कप्तानही वळले, आणि घराकडच्या गल्लीत तो एकटाच शिरला, जसा रोज शिरायचा.

सोमवारी शोरूमवाल्यानं विचारलं, "मग काका, जावई की लेक?"

"लेक," तो म्हणाला. "आणि आरसे जरा मोठे मिळतील का?"