कात्रीने कापलेली ओळ

मास्तरांचं शिवणाचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत होतं. त्या दिवशी सकाळी मास्तर फळीवर कापड पसरून खडूने रेघा ओढत होते, आई हुकं लावत होती आणि थोरली लेक मशीनवर बसली होती. धाकटी मात्र सारखी थोरलीकडे बघत होती. तीन दिवस थोरली धड जेवली नव्हती, झोपली नव्हती, आणि तिच्या तोंडाची टकळी एकसारखी चालू होती.

"गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," आई समाधानाने म्हणाली. "एका दिवसात सात सदरे शिवले पोरीने."

महिन्यापूर्वी हीच थोरली भिंतीकडे तोंड करून पडून असायची. केस विंचरायचंही तिच्या जिवावर यायचं. म्हणून तिला नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं होतं, "याच्या उलट कधी झालं होतं का? झोप नको, बोलणं फार, अंगात दहा माणसांचं बळ?" थोरली मान खाली घालून बसलेली. तिच्या वतीने आईनेच उत्तर दिलं, "छे हो. गरीब गाय आहे ती." डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या.

असं झालं होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर सगळ्यात वर आजाराचं नाव लिहिलं होतं. घरी येताच आईने मास्तरांची मोठी कात्री उचलली, ती ओळ कापडाची किनार कापावी तशी सरळ कापली आणि जाळून टाकली. औषधाच्या दुकानात दाखवायला गोळ्यांची नावं तेवढी ठेवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "वेडाचा शिक्का बसला की हिलाही कोणी करून घेणार नाही आणि धाकटीलाही." पुढे थोरली बरी दिसू लागली, तशा गोळ्याही थांबल्या. उरलेला कागद बटणांच्या डब्यात तळाशी गेला.

आईला दुष्ट म्हणायची सोय नाही. चार घरं सोडून पाचव्या घरात हेच चालतं, फक्त कात्री दिसत नाही.

दुपारी मशीनचा आवाज अचानक बंद पडला. धाकटीने मागे वळून पाहिलं. थोरली खिडकीच्या चौकटीत उभी होती, पाठ खोलीकडे, दोन्ही हात मोकळे.

"ताई, काय करतेस?"

"बटणं संपली. आणते खालून." थोरली हसत होती. "जिन्याने किती वेळ जातो. मला नाही लागत आता जिना."

ओरडावं तर ती दचकेल, धावावं तर पुढे सरकेल. मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला होता. धाकटीने बटणांचा डबा उचलून खुळखुळवला.

"बटणं आहेत की ताई. पांढरी लावू की राखाडी? तूच बघ, मला नाही कळत त्यातलं."

थोरलीने मान वळवली. तेवढ्या वेळात धाकटीने तिच्या पायांना मिठी मारली आणि मास्तरांनी कंबर धरून तिला आत ओढलं. बटणं खोलीभर पांगली. डब्याच्या तळाचा कागदही जमिनीवर पडला होता. धाकटीने तो उचलून मुठीत धरला.

तासाभरात सगळे डॉक्टरांसमोर होते. आईने पदर सावरला.

"जरा चक्कर आली हिला. उन्हाने असेल."

धाकटीला पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. एक शब्द बोललं तर काय काय जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं. पण थोरलीच्या पायांना मारलेली मिठी तिच्या हातांना अजून जाणवत होती.

"चक्कर नाही," ती म्हणाली. "ती खिडकीतून निघाली होती. झोप नाही, बोलणं फार, हे दुसऱ्यांदा झालंय. आईने तुम्हाला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही." तिने कागद टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी त्या सरळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि खालची गोळ्यांची नावं वाचली. "बाई, हा आजार रक्त तपासून कळत नाही. घरचे सांगतात, आजारी माणूस सांगतो, त्यावरून आम्ही ओळखतो. तुम्ही अर्धंच सांगितलंत, मी अर्ध्याचंच औषध दिलं. त्या गोळ्यांनीच बहुधा हिला वर चढवलं." मग त्यांनी नवा कागद घेतला आणि सगळ्यात वर लिहिलं: बायपोलर. कधी खोल उदासी, कधी भलतीच भरारी, असा आजार. थोरलीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

बघायला येणाऱ्यांना खरं कळवलं. ते आले नाहीत.

पाचव्या आठवड्यात थोरली घरी आली, हडकलेली, शांत. फळीवर तो नवा कागद पडला होता. आईचा हात सवयीने कात्रीकडे गेला. मास्तरांनी कात्री उचलून खणात टाकली.

थोरलीने कागद उचलून वरची ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे याला नाव आहे?" तिने विचारलं. "मग मला का नाही सांगितलं कुणी? इतकी वर्षं मला वाटायचं, मीच वाईट आहे."

धाकटी ताईशेजारी जाऊन बसली आणि कागद ताईच्याच हातात राहू दिला.