चीजसोबत काय, ते मी ठरवणार

तापातून उठले तेव्हा नाकाला वास येईनासा झाला होता. खारट, आंबट, गोड, कडू एवढंच जिभेला कळायचं; बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. येईल परत, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. मी धीर धरला. घरच्यांना तो निघेना. एकदा माझ्या हातून चहात नासलेलं दूध पडलं, तेव्हापासून माझ्या प्रत्येक पातेल्यात हे आधी चमचा घालतात. मला ऐकू जाऊ नये म्हणून खोकत खोकत.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून घरी पार्टी ठरली. जेवण बाहेरून येणार होतं, त्याआधी चीज. त्याच्याबरोबर काय ठेवायचं, हे आमच्या घरात कायम मी ठरवत आले. यंदा थोरल्या जाऊबाई सकाळीच द्राक्षं, खारी बिस्किटं आणि जॅमची बाटली घेऊन हजर.

"तू बस गं. ताटल्या तेवढ्या पुसून दे."

"चीज मी आणलंय, जाऊबाई."

"आणलंयस खरं. पण ते निळ्या बुरशीचं? फ्रीज उघडला की जीव जातो."

"मला काही त्रास नाही त्याचा."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण चवीचं काम आता तुला नाही जमायचं. स्वयंपाकाला बाई बघू या आपण."

ह्यांचं डोकं पेपरात होतं. ते वर आलं नाही.

मी ताटल्या पुसल्या नाहीत. पिशवी उचलली आणि बाजारात गेले. मुळा मोडून पाहिला, कटकन मोडला.

"मोडलात म्हणजे घ्यावा लागेल," भाजीवाला म्हणाला.

"मोडला म्हणूनच घेतेय."

घरी येऊन एकेक गोष्ट चीजबरोबर चावून पाहिली. मऊ चीज दातांना कामच देत नाही. त्याला काकडी आणि मुळ्याच्या चकत्या. जुनं टणक चीज भुगा होऊन टाळूला चिकटतं. त्याला भिजवलेलं अंजीर. निळ्याला भाजलेले अक्रोड आणि मध. खारट-गोड तर मलाही कळतं. शेवटी व्हिनेगरमधला कांदा, त्यात मिरी आणि वाटलेली मोहरी. तो खाल्ल्यावर नाकात झिणझिण्या आल्या. कित्येक दिवसांनी तिथं काहीतरी हललं. म्हणून आणखी मोहरी घातली.

संध्याकाळी टेबलावर दोन ताटं लागली, एक जाऊबाईंचं, एक माझं. शेजारचे दातांचे डॉक्टर माझ्या ताटाशी आले.

"वहिनी, असलं कडक खायला घालून माझे पेशंट वाढवताय," म्हणत त्यांनी मुळा संपवला आणि कांद्याला हात घातला. मग त्यांना जो ठसका लागला, तो थांबेचना.

"अहो, हिला चव कळत नाही हल्ली," जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि कांद्याची वाटी उचलायला वाकल्या.

मी वाटीवर हात ठेवला.

"राहू दे तिथंच. मोहरी जास्त झाली, मान्य. तुमचा केक मागे एकदा खालून करपला होता. तुम्हाला कोणी ओट्यापासून हटवलं नाही."

"अगं, पण डॉक्टरांना…"

"ते मोठे आहेत. नको असेल तर नाही खाणार."

डॉक्टर डोळे पुसत द्राक्षांकडे वळले. वळू देत.

"आणि अहो," मी ह्यांना म्हटलं, "उद्यापासून माझ्या पातेल्यात चमचा घालायचा नाही. बिघडलं तर जेवताना सांगा. मी दुसरं करीन. मीच करीन."

"मी कुठं…"

"खोकत खोकत घालता."

ह्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी टणक चीजचा तुकडा घेतला, त्यावर कांदा ठेवला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"भयंकर झालंय," माझ्याकडे बघत ते म्हणाले. ताप उतरल्यापासून माझ्या रांधण्याबद्दल तोंडावर बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी वाटी त्यांच्याकडे आणखी सरकवली.