अवलंबून असलेल्यांचा रकाना

"परत आलं म्हणजे काय? पत्र आहे का ते, परत यायला?"

वांडा स्कोवरॉन कोटही न काढता माझ्यासमोर बसली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार, मांसाऐवजी मासे खायचा. चर्चच्या तळघरात दुपारभर मासे तळून ती तशीच इकडे आली होती, तेलाचा वास घेऊन.

"कॉम्प्युटरनं तुझं रिटर्न नाकारलं," मी म्हणालो. "कोरिनचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरला गेलाय."

"चोरला कुणी?"

"चोरतंय कोण! तिनंच वापरलाय."

दाराशी उभी असलेली कोरिन, वांडाची लेक, बुटांकडे बघायला लागली.

धुलाईच्या दुकानाशेजारच्या या खोलीत एकोणीस वर्षं मी या बाईचं कराचं रिटर्न भरतोय. एरी शहरात माझ्याहून हुशार लोक आहेत, पण ते जास्त पैसे घेतात. वांडा शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण. नवरा केव्हाच निघून गेलेला. दरसाल तिचा पगार लिहायचा आणि अवलंबून असलेल्यांच्या रकान्यात कोरिनचं नाव घालायचं, की झालं. मुदतीला दहा दिवस राहिले होते, माझं डोकं उठलं होतं, आणि त्यात हे.

"फोनवर भरलंस ना?" मी कोरिनला विचारलं.

"फुकट होतं. त्यात विचारलं, तुझं नाव दुसरं कुणी घालू शकतं का? 'हो' दाबलं तर नऊशे डॉलर भरा म्हणे. 'नाही' दाबलं तर शून्य."

"म्हणून नाही दाबलंस?" वांडा गर्रकन वळली. "मी मेले की काय?"

"मम्मा, प्लीज."

मी समजावून सांगितलं. पॅनकेकचं हॉटेल बंद पडल्यावर पोरीला नऊ हजारांवर बेकारभत्ता मिळाला. सरकारच्या लेखी ती कमाई नव्हे, पण कर मात्र त्यावर लागतो. आणि आईबापांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला वजावट मिळते ती घामाच्या पैशाच्या हिशोबात. हॉटेलात केलेले दोन-अडीच हजार, तेवढीच तिची वजावट. उरलेल्या भत्त्यावर कर, तोही आईच्या दरानं. हा नियम कुणी केला ते विचारू नका, मला तो माणूस भेटायचाय.

"तेव्हा प्रश्न एकच," मी कागद पुढं ओढला. "गेल्या वर्षी कोरिनवर जो खर्च झाला, त्यातला अर्ध्याहून जास्त कुणी केला?"

"मी! हा काय प्रश्न झाला? जन्मल्यापासून मीच..."

"गेल्या वर्षाचं विचारतोय, वांडा. भाडं?"

"मी." मग जरा थांबून, "तिच्या वाटचं ती द्यायची. नको म्हटलं तरी टेबलावर ठेवून जायची."

"खाणंपिणं?"

"माझ्या घरात माझं मूल माझंच खातं."

"फी?"

"शिष्यवृत्ती आहे तिला," वांडा ताठ होत म्हणाली.

मी तोच प्रश्न कोरिनला विचारला.

"शिष्यवृत्ती गेली, मम्मा. मागच्या जानेवारीत. मार्क घसरले."

"मग फी कुणी भरली?"

"भत्त्यातनं. शाळेनं तुझ्या कामाच्या पाळ्या कमी केल्या होत्या गं तेव्हा. कुठल्या तोंडानं सांगणार?"

पुढचं सगळं तीच हळू आवाजात सांगत गेली. पुस्तकं, गाडीचा विमा, दाढेचं काम. मी लिहीत होतो. शेवटी रेघ ओढली. कोरिनची बाजू जड होती, थोडीशीच, पण जड. पोरीनं न समजता दाबलेलं 'नाही' बरोबर निघालं होतं. याचा अर्थ तिला काही भरायचं नव्हतं आणि आईला तिचं नाव घालता येत नव्हतं. वांडाचे परत मिळणारे बाराशे डॉलर गेले. मी ते सांगितलं. पैशाचं तिनं ऐकलंच नसावं.

"फी मी भरली असं लिहा," ती म्हणाली.

"वांडा..."

"लिहा ना तसं," कोरिन पुढं आली. "मिस्टर डुडेक, माझंच दुरुस्त करा. नऊशे मी भरते हप्त्यानं. खरंच."

वांडानं लेकीकडे बघितलं. मग उठून कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि पुन्हा बसली.

"तू गप बस. पोरीनं पोट मारून फी भरायची आणि तिचं नाव मी घालायचं? खोडा ते, मिस्टर डुडेक."

मी खोडलं. खूप वर्षांत मला या धंद्याची लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. कायदा बरोबर होता, हिशोबही बरोबर होता. नवा कागद निघाला, रकाना मोकळा. तिनं सही केली.

"पुढच्या साली?" तिनं विचारलं. "फी मी देईन. गाडीचं मी बघेन. तेव्हा घालता येईल ना तिचं नाव?"

कोरिनची जन्मतारीख माझ्यासमोरच होती. येत्या डिसेंबरात चोवीस पूर्ण. कायद्याला विद्यार्थी लेकरू तेविशीपर्यंतच लेकरू वाटतं, पुढं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. तारखेवर थांबलेली माझी नजर कोरिननं पाहिली आणि हळूच मान हलवली. नका सांगू.

"पावत्या सांभाळून ठेव," मी म्हणालो.

वांडानं माझ्या टेबलावरचं एक पाकीट मागून घेतलं. त्यावर मोठ्या अक्षरात 'कोरिन' लिहिलं. मग पर्स उपसून, येताना वाटेत लेकीसाठी घेतलेल्या सुपाची पावती शोधून काढली, हातानं सरळ केली आणि आत टाकली.