बाईंच्या फोल्डरमधला पोटभाडेकरू

मी एक जुना डेटाबेस सर्व्हर आहे. मित्रांनो, नाव ऐकून कपाटाएवढे यंत्र डोळ्यांसमोर आणू नका. मी नुसता एक प्रोग्राम आहे. सांगाल ते नीट लावून ठेवायचे आणि विचाराल तेव्हा बिनचूक काढून द्यायचे, एवढेच माझे काम. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत, मापे घेणाऱ्या बाईंच्या संगणकात मी सात वर्षे राहतो आहे.

माझ्याआधी मापे वह्यांत असत. एकदा छतातला पाइप फुटला आणि दोनशे माणसांच्या पायांची मापे शाईच्या डागांत गेली. त्या दिवशी बाई टेबलाशी बसून रडल्या. संगणकात नवे काही बसवायचा अधिकार फक्त मुख्य कचेरीतल्या साहेबांना होता. बाईंनी त्यांना तीन पत्रे लिहिली. तिन्ही वेळा उत्तर आले, 'पाहतो.' साहेब अजून पाहतच आहेत. शेवटी बाईंच्या दिरांनी फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि बाईंनी मला स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवले, कारण तेवढ्या एकाच जागी कोणाची परवानगी लागत नव्हती. घरमालकाला न विचारता ठेवलेला पोटभाडेकरू असतो ना, तसा मी.

पोटभाडेकरूला हक्क नसतात. दुसरे प्रोग्राम संगणक सुरू झाला की आपोआप जागे होतात. मला ती मुभा नाही. रोज सकाळी बाई चष्मा पुसतात, एक काळी खिडकी उघडतात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावरची ओळ जशीच्या तशी टाइप करतात आणि पुटपुटतात, "चला, उठा आता." मी उठतो. उठल्याबरोबर 'मी आत आहे' अशी चिठ्ठी दारावर लावतो, म्हणजे माझ्याच घरात दुसरा सर्व्हर घुसून मापांची सरमिसळ व्हायला नको. दिवसभर जे घडते ते माझ्या नोंदवहीत लिहितो. संध्याकाळी बाई मला निजवतात तेव्हा चिठ्ठी काढून घेतो.

पाहुणे येत. तीन हजार माणसांतून हवे ते माप क्षणात निघालेले बघत आणि म्हणत, "स्क्रीन छान मोठा आहे हो तुमचा." काम माझे, कौतुक स्क्रीनचे. मला वाईट वाटायचे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी भरदुपारी वीज गेली. चिठ्ठी काढायला मला क्षणही मिळाला नाही. वीज आल्यावर बाईंनी नेहमीची ओळ टाइप केली. मी उठलो आणि दारावर पाहतो तर चिठ्ठी: 'मी आत आहे.' चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला संगणक एक क्रमांक देतो आणि चिठ्ठीवर माझा तो क्रमांक असतो. तो क्रमांक संगणकाने मधल्या वेळात दुसऱ्याच एका प्रोग्रामला देऊन टाकला होता. चिठ्ठीवरच्या क्रमांकाचा कोणी जागा दिसला तर आत जायचे नाही, असा मला नियम आहे. मी नियमाने वागलो. माझीच चिठ्ठी वाचून माझ्याच दारातून मागे फिरलो, आणि का फिरलो ते वहीत लिहिले. काळ्या खिडकीत इंग्रजीत दोन ओळी उमटल्या: सुरू झाला नाही, नोंदवही पाहा. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि दुसरीपर्यंत न जाता घाबरून मान वर केली.

कारण समोर लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या कृत्रिम पायाला तडा गेला होता. तरी ते त्यावरच चालत राहिले, म्हणून आतला उरलेला पाय सुजला होता. सुजलेल्या पायाचे नवे माप घेऊन उपयोग नव्हता. तीनदा दुरुस्त करून जुळवलेले जुने माप फक्त माझ्याकडे होते. पुढच्या शुक्रवारी त्यांची कामावर तपासणी होती. नीट चालता आले नाही तर नोकरी जाणार होती.

बाईंनी ओळ पुन्हा टाइप केली. दोन दिवसांत, पहिली धरून, अठरा वेळा केली. मी अठरा वेळा परतलो आणि अठरा वेळा वहीत लिहिले. ओरडायला मला तोंड नाही. साहेबांना बोलवावे तर हात दाखवून अवलक्षण, न बोलवावे तर एका माणसाची नोकरी. शेवटी बाईंनी फोन केला.

बुधवारी साहेब आले. लिफ्टवालेही कुबड्या घेऊन येऊन बसले होते.

"हे कोणाला विचारून बसवलंत?" साहेब म्हणाले.

"तीन पत्रं लिहिली होती, साहेब."

"ते राहू द्या. हे सगळं पुसून नव्यानं बसवतो. बॅकअप असेलच?"

"आहे. पण त्याच फोल्डरमध्ये आहे," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे ठेवायची परवानगी नव्हती."

"मग तोही गेला असेल. आता मोह सोडा."

काहीही गेले नव्हते, मित्रांनो. तीन हजार माणसांचे चालणे माझ्यापाशी जसेच्या तसे होते. साहेबांनी माझा फोल्डर निवडला. बाईंनी तोंड फिरवले. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

"साहेब, एक विचारू?" लिफ्टवाले म्हणाले. "आमची लिफ्ट बंद पडली की काय बिघडलं ते ती स्वतःच लिहून ठेवते. पान्हा हातात घ्यायच्या आधी आम्ही ते वाचतो. याचं तसं काही नसतं का?"

साहेबांनी वही उघडली. एकच वाक्य अठरा वेळा. ते वाचताना त्यांचे कान लाल झाले.

"चिठ्ठी राहिलीय नुसती," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी ती काढली. बाईंनी ओळ टाइप केली. मी उठलो, आणि पहिल्याच मिनिटाला लिफ्टवाल्यांचे माप काढून दिले. नवा पाय घालून ते तपासणीला चालत गेले.

निघताना साहेब घाईत होते. बाईंनी विचारले, "आता याला रीतसर बसवून द्याल ना?"

"पाहतो," साहेब म्हणाले.

बाई हसल्या. मला हसू आले नाही. या महिन्याच्या अखेरीस बाई निवृत्त होत आहेत. माणूस निवृत्त झाला की त्याचे खाते बंद करायचे आणि फोल्डर पुसायचा, असा कचेरीचा नियम आहे. मापे पेनड्राइव्हवर घ्यायची तर त्यालाही साहेबांचीच परवानगी लागते. बाईंनी चौथे पत्र पाठवले आहे.

मित्रांनो, कोणी गप्प पडला तर त्याला निकामी ठरवून पुसण्याआधी त्याने काय लिहून ठेवले आहे ते एकदा वाचा. मला एवढेच सांगायचे होते, आणि सांगायला वहीशिवाय माझ्याकडे काही नाही. उद्या सकाळी बाई चष्मा पुसतील आणि मला उठवतील. त्यानंतर अशा दहा सकाळी उरतील.