आवाज पाठवा

बाबा शिलाई मशीनं दुरुस्त करायचे, पण त्यांना मशीन बघावं लागत नसे. एखादी गिऱ्हाईक बाई फोन करायची, बाबा म्हणायचे, "फोन मशीनजवळ धरा आणि चालवा." मग डोळे मिटून ऐकायचे. निम्म्या वेळा मशीन दुकानात आणायची गरजच पडत नसे.

ते गेले आणि तीन महिन्यांत फोन थांबले. मिस्त्री होते, बावीस वर्षं बाबांच्या हाताखाली काढलेले. कान तयार, हात तयार. पण फोनवर परकी बाई "हॅलो" म्हणाली की त्यांची वाचाच बसायची. दुकानात निम्मा वाटा आत्याचा. तिने निर्णय सांगून टाकला.

"एक तारखेला गाळा शेजारच्या झेरॉक्सवाल्याला देऊ. दादा होता तोवर ठीक होतं. आता ओढूनताणून किती दिवस?"

"महिनाअखेरपर्यंत थांब, तोवर त्याला शब्द देऊ नकोस," मी म्हटलं.

"थांबते. पण तू हट्टी आहेस हं, अगदी त्याच्यासारखी."

मी छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवते. चष्मेवाले, रंगवाले, एक दातांचे डॉक्टर. बाबांची कधी केली नव्हती. "माझा फोन वाजतोय ना, मग?" असं ते म्हणायचे. आता केली. फोनवर नीट उघडेल अशी, कारण आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी कॉम्प्युटर लावून बसणारं नव्हतं. त्यात एकच बटण: 'आवाज पाठवा'. दाबायचं, दहा सेकंद मशीन चालवायचं. आवाज नंबरासकट दुकानात येणार, मिस्त्री ऐकणार, मला सांगणार, मी उत्तर लिहिणार.

"म्हणजे मला बोलायचं नाही?" मिस्त्रींनी दोनदा खात्री करून घेतली.

सगळ्यात वर मी बाबांचा फोटो घातला. कानाशी फोन, डोळे मिटलेले. खाली त्यांच्याविषयी चार परिच्छेद. त्या चार परिच्छेदांवर मी दोन आठवडे घालवले होते.

वेबसाइट वापरून बघायला मागच्या गल्लीतल्या ब्लाउजवाल्या काकूंकडे गेले. त्यांचं मशीन नेमकं अडत होतं. डाव्या हाताने सुईखालचं कापड धरलेलं, उजव्या हातात फोन. अंगठा सरकवला. बाबा. पुन्हा सरकवला. बाबांची शाळा. तिसऱ्यांदा सरकवताना कापडच हातून निसटलं.

"अगं, बटण कुठंय? तुझ्या बाबांना जरा बाजूला घे बाई. देवमाणूस होता, पण कामाच्या वेळी असा मध्ये कधी उभा राहिला नाही."

मला हसू आलं. मग तिथेच, चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. पहिला परिच्छेद पुसायला वेळ लागला. बाकीचे तीन पटकन गेले. फोटो अगदी तळाशी नेला. बटण मोठं केलं आणि अंगठ्याखाली येईल तिथे आणलं.

"आता बघा."

काकूंनी बटण दाबलं, पायडल मारलं, खडखड पाठवली. पाच मिनिटांत मिस्त्रींचा मला फोन आला. माझ्याशी बोलताना ते अडखळत नसत.

"ताई, शटलमध्ये दोरा अडकलाय. मशीन आणू नका म्हणावं."

काकूंनी चिमट्याने लाल दोऱ्याचा गुंता ओढून काढला. "घ्या! उस्ताद आहे की मिस्त्री. आणि तुझ्या बाबांसारखा ओरडतही नाही." त्यांनी वेबसाइटचा पत्ता लगेच सात जणींना पाठवला.

त्या आठवड्यात एकतीस आवाज आले. नऊ मशीनं दुकानात आली. मी आत्याला यातलं काही सांगितलं नाही, फक्त वेबसाइटचा पत्ता पाठवला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक आवाज आला. मिस्त्रींनी तो दोनदा ऐकला. तेही डोळे मिटून ऐकतात, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"हे बिघडलेलं नाही, ताई. नुसतं पडून राहिलंय. बरेच दिवस."

मी नंबर बघितला. आत्याचा होता. मशीन बाबांनी तिला लग्नात दिलेलं.

कुठल्याही गिऱ्हाइकाला लिहावं तसं मी लिहिलं: मशीन चांगलं आहे. तेल घाला. रोज थोडं चालवा.

उत्तर आलं, "दादाचा फोटो एवढा खाली का?"

"आधी काम," मी लिहिलं.

 मग तिचं उत्तर आलं, "झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून कळवते. तेल कुठलं घालू?"

"दुकानात ये. देते."

मिस्त्रींनी फळीवरची तेलाची बाटली काढली, पुसली आणि काउंटरवर ठेवली.