हनुवटीवर तीनदा बोट

मोठ्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही बाळांच्या गालांवर बारीक लाल पुरळ होतं. नर्स म्हणाली, "आईच्या रक्तातून येतं ते. काही लावू नका, आपोआप जाईल." आणि खरंच, महिन्याभरात बाळांचे गाल लोण्यासारखे झाले. बाळांच्या मामीची हनुवटी मात्र होती तशीच राहिली.

मामी म्हणजे या घरातली एकुलती सून. वय चाळिशीकडे झुकलेलं, पदरात सोळा वर्षांची मुलगी. त्या मुलीच्या चेहऱ्यावर औषधाला म्हणून एक पुटकुळी नव्हती, आणि आईच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, खाली मानेपर्यंत मोठेमोठे मुरूम. वर साधं टोक दिसायचं नाही, आत गाठ ठसठसायची. पाळीच्या आधी आठवडाभर तर जेवताना जबडा हलवला तरी दुखायचं. एक बसतोय तोवर दुसरा डोकं वर काढायचा, आणि जाणारा आपला डाग मागे ठेवून जायचा.

"लेकीच्या वयाची दुखणी आईला," सासूबाई म्हणायच्या. "उलटी गंगा आहे आपल्या घरात. बाळांचं बघ कसं गेलं! तू हात लावतेस, म्हणून जात नाही तुझं."

"आई, मी हात लावत नाही."

"आत्ता लावलास."

सासूबाईंचं हृदय अशक्त होतं, पाय सुजायचे. त्या दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसत, आणि बसल्या जागेवरून घर चालवत. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. घरी आला की तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण दोघींपैकी कुणाचीही बाजू घेतली तरी जेवण गार मिळायचं.

सून कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिथे हात बोलतात, पण नुसते हात पुरत नाहीत. ओठ कसे हलतात, जबडा किती उघडतो, हनुवटी खाली जाते की नाही, हे सगळं मुलं डोळ्यांनी वाचतात. शिकवणाऱ्या बाईचा चेहरा म्हणजे तिथला फळा. आणि या फळ्यावर नेमक्या त्याच जागी मुरूम.

त्या शाळेत आणखी एक रीत होती. अक्षरं जुळवून कुणाचं नाव घ्यायला वेळ लागतो, म्हणून मुलं प्रत्येकाला एक खुणेचं नाव देत. नाव कुणी मागायचं नाही, निवडायचं नाही. मुलं देतील ते घ्यायचं. मोठ्या बाईंचं नाव होतं नाकावरून घसरलेला चष्मा वर सारायची खूण. चित्रकलेच्या सरांचं नाव कानाची पाळी ओढणं. सून नवी आली, तेव्हा तिला मनातून वाटलं होतं की आपल्याला गालावरची खळी मिळेल. हसली की खळी पडायची तिला. लग्न जमलं तेही खळीवर, असं नवरा म्हणायचा.

मुलांना खळी दिसली नाही. मुलांनी तर्जनी हनुवटीवर तीनदा टेकवली. टक, टक, टक. तीन मुरूम होते त्या दिवशी. झालं, नाव पडलं.

घरी येऊन तिने हे रडवेल्या तोंडाने सांगितलं, तर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पोरांनी बरोबर ओळखलं गं तुला!" म्हणाल्या, आणि डोळे पुसत स्वतःच्या हनुवटीवर तीनदा बोट टेकवून दाखवलं. सुनेने भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी.

उपाय काही कमी केले नव्हते. बर्फ फिरवून झाला. लिंबू चोळून झालं. टूथपेस्ट लावून झोपली तर सकाळी मुरूम तसाच, वर कातडी सोललेली. दूध सोडलं, साखर सोडली, तळलेलं सोडलं. शेजारीण म्हणाली पोट साफ नाही, म्हणून रोज सकाळी कोमट पाण्याचा मोठा तांब्या. पार्लरवालीने चेहऱ्यावर खरखरीत काहीतरी घासलं आणि म्हणाली, "मॅडम, घाण आतून वर येतेय, चांगली खूण आहे." पुढचे पंधरा दिवस ती चांगली खूण घेऊन सून शाळेत गेली.

नेहमीच्या डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "या वयात? टेन्शन घेऊ नका."

"टेन्शन याचंच आहे, डॉक्टर."

त्यांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. खाल्ल्या तोवर मुरूम दबले, पोट बिघडलं. बंद केल्या तसे दुप्पट उत्साहाने परतले, जणू सुट्टीवर गेले होते. जो तो सल्ला देऊन मोकळा, आणि औषध लागू पडलं नाही की खापर तिच्याच डोक्यावर: तू नीट लावलं नसशील, तू मधेच सोडलं असशील, तू जागरण करतेस.

शेवटी तिने हनुवटी झाकायला सुरुवात केली. आधी शिकवताना एक हात तोंडाजवळ असायचा. मग कोपर टेबलावर टेकून, तळहातात हनुवटी लपवून बसणं सुरू झालं. मग सर्दीचं निमित्त करून मास्क आला. एका हाताने खुणा अर्ध्याच होतात आणि मास्कमागे ओठ दिसत नाहीत. मुलं आधी पुढे वाकून बघायला लागली. मग एकमेकांना विचारायला लागली. मग त्यांनी तिच्याकडे बघणंच सोडलं. पहिल्या बाकावर लांब वेणीची एक मुलगी बसायची, तिचं नावही वेणीच. ती वर्गात सगळ्यांत हुशार. तिने एक दिवस पुस्तक मिटलं आणि सरळ खिडकीबाहेर बघत बसली.

मोठ्या बाईंनी कचेरीत बोलावलं.

"मास्क काढ."

तिने काढला.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "दिसतंय मला. दुखतं का?"

"दुखतं."

"दुखतं ते वाईटच. पण माझ्या मुलांना तुझं तोंड दिसलं पाहिजे. बाकी शाळांत बाईचा आवाज गेला तर बाई शिकवू शकत नाही, तसं आहे हे. सत्र संपेपर्यंत बघते. नाही जमलं तर तू कचेरीत बस, वर्ग दुसरीला देते. मला आवडेल असं नाही, पण देईन."

कचेरीत म्हणजे हजेऱ्या आणि शिक्के. सून घरी आली, पर्स आदळली आणि म्हणाली, "एका मुरमापायी माझा वर्ग जाणार!"

"एक कुठाय?" सासूबाई म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच नणंदेला फोन लावला. नणंद बाळांना घेऊन ज्या दवाखान्यात जायची, त्याच इमारतीत वर त्वचेच्या डॉक्टरीणबाई बसत. दारावर पाटी होती: 'तारुण्यपीटिकांवर उपचार'. पाटी वाचून सून मनात म्हणाली, तारुण्य कधीच गेलं, पीटिका तेवढ्या मुक्कामाला राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी चेहऱ्याला हात लावला नाही. पाळी नियमित येते का, मुरूम पाळीच्या आधी वाढतात का, हनुवटीवर राठ केस येतात का, डोक्यावरचे विरळ झालेत का, हे विचारलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "पाळी वेळेवर आहे, केसांचा त्रास नाही, म्हणजे बाकी चिंता नाही. जबड्याच्या कडेने, याच वयात, याच दिवसांत येतात ते हार्मोनचे. घाणीचे नव्हेत. घासणं आजपासून बंद."

"पण मग इतकी वर्षं मी..."

"चेहऱ्याला शिक्षा केलीत. आता एक सांगा, मूल हवंय का अजून?"

"सोळा वर्षांची आहे, तीच पुरे."

"मग ही गोळी चालेल. हिच्यावर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. रात्री वाटाण्याएवढं जेल, हलकं लावायचं. आधी थोडं वाढेल. फरक दिसायला तीन महिने."

"तीन महिने?" सून जवळजवळ ओरडलीच. "माझं सत्र संपेल तोवर!"

"चेहऱ्याला सत्र कळत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषधाच्या दुकानात माणसाने चिठ्ठी बघून विचारलं, "पेशंट वयस्कर आहेत का?"

"मीच आहे पेशंट."

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली आणि तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला घरी गेल्यावर कळला. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली, आणि खिडकीजवळून आवाज आला:

"माझी गोळी तुझ्याकडे कशी?"

"ही माझी आहे, आई."

"मला शिकवतेस? चार वर्षं खातेय मी. पायाचं पाणी उतरायची गोळी आहे ती. तरीच म्हटलं माझी पट्टी लवकर का संपते!" आणि सुनेने तोंड उघडायच्या आत नणंदेला फोन गेला. "अगं, तुझी वहिनी माझ्या हृदयाच्या गोळ्या खाते!"

नवरा कामावरून आला तेव्हा घरात ही धुमश्चक्री चालू होती. त्याने दोन्ही पट्ट्या दिव्याखाली शेजारी शेजारी धरल्या, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "नाव एकच आहे," तो म्हणाला. सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला.

"म्हणजे..." त्यांनी सुनेचा हात धरला. "तुझंही हृदय बिघडलं? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

सुनेला हसावं की रडावं कळेना. तिने समजावून सांगितलं, की गोळी एकच, पण हार्मोनचा जोर तोडते म्हणून मुरमांवरही देतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलाच्या हातातून आपली पट्टी घेऊन तिच्यापुढे सरकवली. "मग दुकानात कशाला जायचं? ही घे."

"नाही, आई. प्रमाण वेगळं आहे. तुमची तुम्हालाच लागेल."

"बरं, मानी आहेस," सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हनुवटीवर बोलणं बंद केलं. दुसऱ्या कुणी बोललं तर म्हणायच्या, "औषध चालू आहे आमचं."

आमचं म्हणजे काय, हे आठवडाभरात घराला कळलं. गोळी पाणी उतरवणारी, आणि घरात संडास एक. सकाळी दोघी गोळी घेत आणि तासाभरात दोघी दारापाशी.

"आई, मला शाळेची वेळ झालीय."

"आणि माझं वय झालंय. सरक."

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून मागे उभा असायचा. त्याचा नंबर कधी लागायचाच नाही. तो कामाच्या ठिकाणी जाऊन दाढी करायला लागला.

पहिले काही आठवडे जेलने कातडी सोलवटली आणि मुरूम वाढले. सून संतापून म्हणाली, "बंद करते हे सगळं."

"मधेच सोडलंस, असं लोकांना म्हणू द्यायचंय का?" सासूबाई म्हणाल्या. "माझे पाय एका दिवसात उतरले नव्हते. चल, गोळी घे. आज पहिला नंबर तुझा."

मास्क मात्र तिने मोठ्या बाईंच्या बोलण्यानंतर काढला होता, मुरूम तसेच उघडे ठेवून. उघड्या तोंडाने शिकवताना पहिल्या दिवशी तिचे कान तापले. पण वेणीने पुस्तक उघडलं. तिने एकदाच हनुवटीकडे बोट करून विचारलं, दुखतं का? सून म्हणाली, दुखतं. वेणीने मान हलवली आणि पुढचं पान काढलं. सत्र संपलं तेव्हा मुरूम अजून होते, पण वर्ग तिच्याकडेच राहिला. गंमत म्हणजे चेहरा साफ झाला तो सुट्टीत, बघायला कुणी नसताना. आधी नवे यायचे थांबले, मग गाठी विरल्या, मग डाग फिके झाले. अधूनमधून एखादा यायचा, यायचा आणि जायचा.

नव्या वर्षी पहिल्याच दिवशी ती वर्गापुढे उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, "बघा. आता इथे काही नाही. मला नवं नाव द्या." आणि हसून, खळीवर बोट ठेवून, सुचवूनही टाकलं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. वेणी उभी राहिली. तिने वेणी कापली होती, केस मानेपर्यंत आखूड. तिने आपल्या मोकळ्या मानेवर हात फिरवून दाखवला आणि मग आपलं नाव केलं, तेच जुनं, लांब वेणीचं. मग सुनेकडे बोट, आणि हनुवटीवर टक, टक, टक. विषय संपला.

"इतके पैसे, इतक्या गोळ्या, आणि नाव तेच!" सून घरी येऊन म्हणाली.

"मग? माझे पाय उतरले, तरी माझी खुर्ची गेली का?" सासूबाई म्हणाल्या.

पुढे हृदय आणखी थकलं. हॉस्पिटलात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, आणि जन्मभर बसल्या जागेवरून घर चालवणाऱ्या बाईचा आवाज मास्कमध्ये अडकला. नर्सला काही कळेना, मुलाला काही कळेना. सासूबाई चिडून चादर ओढायच्या. सुनेने त्यांना खुणा शिकवल्या: पाणी, दुखतंय, उशी, बाथरूम. दोन दिवसांत त्या त्यावर हुकूम सोडायला लागल्या. मुलाला बोलवायचं असलं की पोटाची खूण करत, कारण त्याचं पोट सुटलं होतं.

आणि सून खोलीत नसली, की त्या नर्सकडे बघून बोट मास्कच्या खाली, हनुवटीवर तीनदा टेकवत. नर्स बाहेर येऊन हाक मारायची, "तुम्हाला बोलावतायत."

"अहो आई," सून आत येऊन वैतागून म्हणायची, "आता तिथे काही नाही! दिसत नाही का तुम्हाला?"

सासूबाईंचे डोळे मास्कच्या वर हसायचे. त्या पुन्हा तीनदा बोट टेकवायच्या.

सासूबाई वारल्या, नणंदेची जुळी शाळेत जायला लागली त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी. सून जवळ होती.