काशिरामचे नाव येईपर्यंत

संध्याकाळी पावणेसातला प्रणितने साउंड चालू केला आणि हौसाआजीचा धवला तुटला.

हळदीत धवले गायला बोलावलेली ती धवलारीण गाता गाता थांबली. मुठीतले तांदूळ तिने सुपात परत टाकले. पाटावर हळदीला बसलेल्या कोमलने मान वर केली. निशा चुलीपाशी होती. तिथून ती हाताने ‘बंद कर’ असे दाखवत धावली. आवाज बंद झाला तोवर गाण्याची पहिली ओळ होऊन गेली होती आणि पिवळ्या कुर्त्यातले दहा-बारा जण हात वर करून नाचायला उतरले होते.

“ताई, तूच लिहून दिलंस ना,” प्रणित म्हणाला. तो निशाचा मामेभाऊ. लग्नकार्यात डीजे लावायचा त्याचा धंदा होता. त्याने लॅपटॉपला चिकटवलेला कागद दाखवला. “सहा ते पावणेसात धवला. पुढे मी.”

अक्षर निशाचेच होते. वडील काशिराम दीड वर्षापूर्वी गेल्यानंतर खांदा कॉलनीमागच्या त्यांच्या घरातले हे पहिलेच कार्य, आणि धाकट्या बहिणीच्या हळदीत काही कमी पडू द्यायचे नाही असे तिने ठरवले होते. बेंजोच्या वाजंत्र्यांऐवजी डीजे घेतला. पहिली दोन गाणी संथ ठेवली, कारण पोरे आधी उतरली तर आत्या-मावश्या खुर्च्या सोडत नाहीत. धूर तिसऱ्या गाण्याला. त्याआधी सोडला तर म्हातारी माणसे खोकतात. दिवे हळदीपर्यंत पिवळे, नंतर रंगीत. पोलिसांची परवानगी दहापर्यंत, म्हणून शेवटचे गाणे पावणेदहाला.

धवल्याची वेळही तिने मोजूनच लिहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी आजीच्या गावी, आपट्याला जाऊन तिने आजीला तो पूर्ण म्हणायला लावला होता. मोबाइलवर बेचाळीस मिनिटे भरली.

“आजी, तेव्हा तर एवढ्यात झाला होता,” निशा आता तिच्यासमोर बसून म्हणाली.

“तवा नावं कुठं घेतली?” हौसाआजी म्हणाली. “घरात हळद नाय, मांडव नाय, आन मेल्या मानसांना हाका मारू? आले तर बसवू कुठं?”

धवल्यात आधी देवांना बोलावतात, मग घरातल्या गेलेल्यांना, सर्वांत जुन्यापासून खाली, एकेकाला एकेक कडवे. हे निशाला लहानपणापासून माहीत होते. मोजताना लक्षात आले नव्हते.

“बाबांचं नाव झालं?”

“तुझ्या बापाच्या आज्यापर्यंत आलेलो. तुटला. आता परत गणपतीपासून.”

निशाने वळून दाराकडे पाहिले. आई, सोनाबाई, उंबऱ्याच्या आत बसली होती. विधवेने हळदीच्या मांडवात यायचे नाही हे तिने कोणी न सांगता पाळले होते. लग्नाच्या सगळ्या तयारीत तिने एकच गोष्ट विचारली होती, तीही चार-पाच वेळा: “त्यांचा नाव घेतील ना?”

बुधाजीकाका खुर्च्यांमधून वाट काढत आले. काशिरामचे ते धाकटे भाऊ. “नवऱ्याकडची पोरं बसून हायेत. हौसाबाय, सरळ दादाचाच नाव घ्या ना. देव काय रागवणार नाय.”

“देव नाय रागवणार. पन तुजा आजा मागं राहील आन नातू पुढं येल. तुमच्यात पंगतीला असा बसवतात काय?”

मागच्या बायका हसल्या. काका हसले नाहीत.

“नायतर माइक घ्या,” ते म्हणाले. “निदान लोकांना कळल काय चाललाय.”

“ज्यांना बोलवतेय त्यांना ऐकू जातो.”

काकांनी निशाकडे पाहिले. “बोल. तुझाच कागद हाय.”

आजीचे वय अठ्ठ्याहत्तर. पाऊण तास गाऊन तिचा आवाज आत्ताच ओढल्यासारखा येत होता. ओळी मागून धरायला तिच्याबरोबर आलेली रंभा होती, पण तिला या घरातली नावे येत नव्हती. सगळे पुन्हा म्हणायचे तर साडेआठ होणार, मग हळद लावणार, मग नाच उरला तर उरला.

“प्रणित,” निशा म्हणाली, “मेन काढ.”

“आवाज बंदच आहे.”

“मेनच काढ. कोणी हात लावायला नको.”

प्रणितने वायर ओढली. साउंडबरोबर दिवेही गेले. मांडवात घरातून ओढलेले दोन पिवळे बल्ब तेवढे उरले. नवऱ्याकडची तीन-चार पोरे उठून बाहेर मोटरसायकलींपाशी जाऊन उभी राहिली. काका त्यांच्यामागे गेले.

“काशिरामचा नाव मना शिकवायला लागत नाय,” सुपातले तांदूळ पुन्हा मुठीत घेत हौसाआजी निशाला म्हणाली. “त्याची हळद मीच गायली.”

सात वाजता तिने गणपतीला बोलावले.

साडेसातला देव संपले. आठला आजीचा आवाज बसला. रंभाने ओळ धरून ठेवली, आजीने दोन घोट पाणी घेतले आणि कुजबुजल्यासारखे पुढचे नाव उचलले. दारापर्यंत ते पोचेना. सोनाबाई उठली, पदर डोक्यावर ओढून उंबऱ्यावर येऊन बसली. पाय तिने आतच ठेवले.

आठ वाजून वीस मिनिटांनी बाहेर दोन मोटरसायकली सुरू झाल्या. काशिरामच्या आधी अजून तीन नावे होती.